उताऱ्यात नसलेलं नाव

शेषराव मास्तर मारायच्या आधी प्रश्न विचारायचे. "किधर लिखा है? उँगली रखो." बोट बरोबर ओळीवर पडलं तर सुटका, चुकलं तर त्याच बोटावर छडी. १९६० साली भिलाईच्या कॅम्पातल्या त्या पत्र्याच्या शाळेत नववीला एकोणचाळीस मुलगे होते आणि चार मुली. मुलींना सूट नव्हती. केवलरामची कौशल्या पहिले दोन महिने घरी भाकर मोडायची ती डाव्या हातानं.

मास्तर मूळचे नागपूरकडचे, बाप रेल्वेत, घर दुर्गला. शिकवायचे हिंदी, पण सगळा जीव एकाच गोष्टीत, अपठितात. म्हणजे पुस्तकात नसलेला, पोरांनी आधी कधी न पाहिलेला उतारा. नववीत आलेल्या पोरानं असा उतारा एकदा वाचून आपल्या शब्दांत सांगायला पाहिजे, जे सांगितलं ते कुठल्या ओळीवरून हे दाखवायला पाहिजे, आणि लिहिणाऱ्यानं काय मुद्दाम सांगितलं नाही तेही ओळखायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. जो हे करू शकत नाही तो नववीत बसलेला असला तरी नववीचा नाही. "पाठ किया हुआ तो तोता भी बोलता है," असं म्हणून ते छडी टेबलावर आपटायचे, आणि वरच्या पत्र्यावर बसलेले कावळे उडायचे.

कौशल्या त्यांचा मनापासून द्वेष करायची. पण तिसऱ्या महिन्यापासून तिचं बोट चुकेनासं झालं.

तिला शाळेत टिकवलं होतं ते तिच्या भावानं, तेजरामनं. केवलराम साकोलीकडून सत्तावन्न साली दोन लेकरं घेऊन आला तेव्हा बायको जाऊन चार वर्षं झाली होती. कारखाना उभा राहत होता, मातीकामाला माणसं लागत होती. खुर्सीपारला झोपडी बांधली. केवलरामचा हात सैल. तापला की हाताला येईल त्यानं मारायचा. पोरगी आठवी झाली तेव्हा त्यानं तिचं दप्तर चुलीत घातलं आणि तिनं ते बाहेर ओढलं म्हणून फुंकणीनं तिची पाठ फोडली. तेजराम तेव्हा एकवीस वर्षांचा, क्रेनच्या हुकाला लोखंड बांधणारा खलाशी. दंड असे की लेकराच्या हातातून खेळणं घ्यावं तशी त्यानं बापाकडून फुंकणी काढून घेतली.

"बाबा, आता तिले हात लावला तं मी विसरून जाईन का तू माहा बाप आहेस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. केवलराम दारात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी कौशल्याची नववीची फी तेजराम स्वतः भरून आला.

नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी शाळा भरून तीनेक तास झाले होते. फकिरा, तेजरामच्या टोळीतला खलाशी, वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या सदऱ्यावर पोटापासून खाली रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं. कौशल्या उठली. मास्तरांनी तिला अडवलं नाही.

मरोदाच्या बाजूला, बांधकामाकडे, ती धावत गेली. क्रेनवरून पडलेला गर्डर अजून उचलला नव्हता. तेजरामचं कमरेपासून वरचं अंग बाहेर होतं, तोंड उघडं, दातांत माती. खालचं अंग गर्डरखाली होतं, म्हणजे नव्हतंच. ती जवळ बसली आणि त्याच्या तोंडातली माती बोटानं काढत राहिली. कोणीतरी तिला बगलेत धरून मागं ओढलं.

"तीन दिवसांपासून सांगून राहिलो होतो," फकिरा म्हणाला. "लोखंडी दोराचे तार सुटले आहेत, दोर बदला म्हणून. भैयालाल मुंशी म्हणे, इसीसे चलाओ. आज सकाळीही तेजराम नाहीच म्हणत होता, तं मुंशीनं त्याले आईवरून शिवी देली. मंग उभा झाला खाली."

भैयालाल हा ठेकेदाराचा मुंशी. हजेरी त्याच्याकडे, माणसं लावणं-काढणं त्याच्याकडे.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, जीपमधून. बरोबर दोन लठैत, काठ्या घेतलेले. तेजरामचं प्रेत तोवर ठेकेदाराच्या गोदामात होतं, कालपासून मागूनही मिळालेलं नव्हतं. झोपडीपुढं वस्तीतली पन्नास-साठ माणसं बसलेली. केवलराम दाराशी बसलेला.

"अरे बाबा, रोने से क्या होगा," भैयालालनं घडी केलेला कागद काढला. "यहाँ अँगूठा लगा दो, लाश अभी मिल जाएगी."

"काय लिहिलं आहे?" फकिरानं विचारलं.

"यही, कि तेजराम अच्छा लड़का था, काम करते-करते हादसा हो गया. ठेकेदार साहब को बहुत दुख है." त्यानं कागदाकडे न बघताच सांगितलं. शाईची डबी उघडली, केवलरामचा हात धरला आणि अंगठा काळा केला.

कौशल्या भिंतीला टेकून बसली होती. मुंशीनं कागदाकडे बघितलं नाही, हे तिनं बघितलं. ती उठली.

"बाबा, थांब. मले वाचू दे."

"छोकरी क्या पढ़ेगी?"

तिनं कागद घेतला. त्याच्या हातातून सहज सुटला, कारण ती घेईल असं त्याला वाटलंच नव्हतं. अक्षर सुबक होतं. तिनं आधी सगळा मनात वाचला, मग मोठ्यानं, शाळेत वाचायची तसा, विरामचिन्हांवर थांबत: "सुबह ग्यारह बजे, छुट्टी के बाद, मना करने पर भी, वह अपनी मर्ज़ी से क्रेन के नीचे गया, जहाँ गर्डर गिर गया. इसमें किसी का दोष नहीं."

माणसांत हालचाल झाली. कौशल्याचं बोट ओळीवर होतं.

"फकिराभाऊ, काल अकरा वाजता सुट्टी झाली होती का?"

"सुट्टी दोनले होते, बाई. आपण सगळेच कामावर होतो."

"मंग एकाच ओळीत अकराही आहे आणि सुट्टीही आहे, हे कसं?" ती आता मुंशीकडे बघत होती. "और 'मना करने पर भी'. किसने मना किया? नाम किधर लिखा है?"

भैयालालनं कागदावर झडप घातली. तिनं सोडला नाही. कागद मधोमध फाटला. त्याच्या कमरेला टॉर्च खोचलेली होती, पितळी, जाड. ती त्यानं तिच्या तोंडावर मारली. एकदा, मग पुन्हा एकदा. समोरचे दोन दात ओठातून बाहेर आले. कौशल्या गुडघ्यावर बसली आणि तिच्या हनुवटीवरून रक्ताची धार लागली, तरी अर्धा कागद मुठीत होता.

केवलराम उठलेला कोणाला दिसलाच नाही. दाराशी पहार टेकलेली होती. ती त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि आडवी फिरवली. पहारेचं टोक भैयालालच्या डाव्या डोळ्यात शिरलं. तो ओरडला ते माणसाचं ओरडणं वाटलं नाही. लठैतांनी केवलरामला खाली पाडलं. एकानं मानेवर पाय दिला, दुसरा त्याच्या उजव्या गुडघ्यावर काठी मारत राहिला, लाकूड फोडतात तशी, मोजून, एकाच जागी.

आणि मग वस्ती उठली. पुढच्या पाव तासात काय झालं ते सांगताना लोक पुढं कित्येक वर्षं आवाज खाली करायचे. बायकांनी दगड घेतले. जीप उलटवली आणि पेटवली. एक लठैत रेल्वेच्या रुळापर्यंत पळाला, तिथं त्याला गाठलं आणि असा तुडवला की तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. भैयालालला त्याच्या नशिबानं फकिरानंच ओढून एका झोपडीत टाकलं, नाही तर तो तिथंच संपला असता. फकिरा मागाहून म्हणायचा, कावून वाचवला कोण जाणे, हात आपोआप गेले.

पोलीस आले. त्यांनीही पुष्कळ मारलं. संध्याकाळच्या आत तेजरामचं प्रेत पोलिसांनीच गोदामातून काढून दिलं, अंगठा न घेता. अंगठ्याची गरज कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कौशल्याला बयानाला, म्हणजे जबाब द्यायला, बोलावलं. केवलराम कोठडीत होता, गुडघा फणसासारखा सुजलेला. हवालदार म्हातारा होता, छत्तीसगढीच, तीन मुलींचा बाप. त्यानं तिला पाणी दिलं. ती पिऊ शकली नाही, ओठ शिवलेले होते. त्यानं थोडं विचारलं, बरंच स्वतःच लिहिलं, आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

"पढ़ ले, बेटी. तुझे पढ़ना आता है."

तिनं वाचलं. टॉर्चचं सगळं खरं लिहिलेलं होतं. मारणाऱ्याच्या नावासकट. मग पुढं होतं: "इसके बाद भीड़ में किसी के हाथ से मुंशी की आँख में चोट आई."

तिचं बोट तिथं थांबलं. तिनं वर पाहिलं. हवालदार खिडकीबाहेर बघत होता. कोठडीतून बापाचं कण्हणं ऐकू येत होतं. कालच तिनं साठ माणसांपुढं एका माणसाला विचारलं होतं, नाव कुठं लिहिलं आहे. तिनं पेन उचललं आणि सही केली. कौशल्या केवलराम.

अर्धा कागद तिनं शेषराव मास्तरांना दिला. ते आठव्या दिवशी झोपडीवर आले होते. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. कागद वाचला, पुन्हा वाचला. "ग्यारह आणि छुट्टी एकाच ओळीत," एवढंच पुटपुटले. मग दुर्गला जाऊन त्यांनी मजुरांच्या तक्रारी बघणाऱ्या साहेबाकडे अर्ज दिला, अर्धा कागद जोडून, फकिराचं म्हणणं लिहून, प्रत्येक वाक्यात कोणी काय केलं ते नावानिशी मांडून.

परत येताना बाजारात, भर दुपारी, चार जणांनी त्यांना सायकलवरून खाली ओढलं. उजवा हात दगडी पायरीवर ठेवला आणि लोखंडी कांबीनं मनगटापासून बोटांपर्यंत ठेचला. दुकानदारांनी फळ्या लावून घेतल्या. मास्तर ओरडले नाहीत म्हणतात. ठेचून झाल्यावर त्या चौघांना त्यांनी विचारलं, "तुम्हें भेजा किसने?" त्यावर एकानं त्यांच्या तोंडात लाथ मारली.

चौकशी झाली. तेजराम कामावर असताना मेला एवढं कागदावर आलं. ठेकेदाराचं काम गेलं. दोर बदलू नका असं कोण म्हणालं, ते कुठंच आलं नाही. केवलराम दोन महिन्यांनी सुटला, कारण मुंशीचा डोळा कोणी फोडला हे कोणी सांगितलं नाही, आणि मुंशीला स्वतःला पहार कोणाच्या हातात होती ते आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. केवलरामचा पाय पुन्हा वाकला नाही. तो दारात पाय लांब करून बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पायाला वळसा घालून जावं लागायचं. चार वर्षं असा बसला आणि चौसष्टच्या थंडीत गेला.

कौशल्या जानेवारीत शाळेत परतली. मास्तरही त्याच आठवड्यात परतले, गळ्यात झोळी, झोळीत हात. छडी आता डाव्या हातात. तो हात तयार नव्हता, नेम चुकायचा, बोटाऐवजी मनगटावर, कधी कानावर बसायची. पोरं म्हणायची, ठेचणाऱ्यांनी उलटं आपलंच नुकसान केलं. एवढं भोगून माणूस मऊ होईल असं कौशल्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर ती थांबली.

"मास्तर, मी बयानावर सही केली. त्यात बाबाचं नाव नव्हतं."

"झूठ था क्या?"

"नाही. 'किसी के हाथ से' असं होतं."

शेषराव मास्तरांनी झोळीतल्या हाताकडे पाहिलं. "मले नको विचारू," ते म्हणाले. वर्गात ते मराठी कधी बोलत नसत.

अकरावी झाली. वर्ष वाया गेलं होतं, तरी झाली. फकिरानं आणि टोळीतल्या खलाशांनी तिच्या घराकडे लक्ष ठेवलं. तिनं शिवणकाम केलं, बाहेरून बी.ए.ला बसली. लग्नाची दोन स्थळं आली आणि दात बघून गेली. कारखान्याचा विस्तार सुरू होता, वस्ती दाट होत चालली होती. खुर्सीपारला कोणीतरी एक खाजगी शाळा काढली आणि सदुसष्ट साली तिथं नववीचा वर्ग सुरू झाला, तो कौशल्याकडे आला. बाजारात तिला कधीकधी भैयालाल दिसायचा, एका डोळ्यावर हिरवं फडकं बांधलेला, भाजीच्या गाड्यावर बसलेला. ती गल्ली बदलायची.

तिला शेषराव मास्तरांसारखं व्हायचं नव्हतं. छडी तिनं ठेवलीच नाही. पण उतारा वाचायला दिला आणि पोरांनी गाइडातलं पाठ केलेलं उत्तर धडाधडा म्हटलं की तिच्या कानशिलात काहीतरी तापायचं. कागद न बघता वाचल्याचं सोंग करणारा माणूस तिला दिसायचा. चौदा वर्षांचं पोर समोर असायचं आणि तिला वेगळंच तोंड दिसायचं.

दुर्गा नावाची मुलगी होती, खडी फोडणाऱ्या बेबीताईची. जीव तोडून पाठ करायची, कारण पाठ करणं एवढंच तिला कोणी शिकवलं होतं. त्या दिवशीचा उतारा धरणाचा होता. दरवाजे उघडले गेले आणि खालचं गाव वाहून गेलं. कौशल्यानं विचारलं, "दरवाजे कोणी उघडले ते उताऱ्यात आहे का?" दुर्गानं डोळे मिटून भलत्याच उताऱ्याचं उत्तर म्हटलं. कौशल्यानं पुन्हा विचारलं. तिनं तेच म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच, फक्त घाबरून जास्त वेगानं.

कौशल्याचा हात गेला. थप्पड कानावर बसली, पूर्ण जोरानं. दुर्गा बाकाच्या कोपऱ्यावर पडली. तिच्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला आणि वेणीत शिरला.

डॉक्टरनं सांगितलं, पडदा फाटला आहे, त्या कानानं ऐकू येणार नाही.

मुख्याध्यापिका कमलिनीबाईंनी कौशल्याला आपल्या खोलीत बसवलं, दार लावलं, कागद पुढं ठेवला. बाई वाईट नव्हत्या. नवी शाळा जगवायची होती त्यांना.

"लिहा, खेलते समय बेंच पर गिर गई. मुलीची आई अंगठेवाली आहे, तिला काय कळणार."

कौशल्यानं पेन घेतलं. कागदावर तिच्या हातानं आपोआप उतरलं: "दुर्गा के कान में चोट आई." ती त्या ओळीकडे बघत राहिली. चांगलं, सुबक वाक्य होतं. तिनं ते खोडलं, इतक्या जोरानं की निब कागदातून आरपार गेली. खाली लिहिलं: "मैंने दुर्गा को थप्पड़ मारा. वह गिरी. उसके कान का परदा मेरे मारने से फटा है." आणि सही.

"तुमची नोकरी जाईल," कमलिनीबाई म्हणाल्या.

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई आली. हातात खडी फोडायचा हातोडा होता. तो तिनं दारात ठेवला, पायातली चप्पल काढली आणि भरल्या वर्गात कौशल्याच्या तोंडावर, डोक्यावर, खांद्यावर मारत सुटली. पोरं रडू लागली. कौशल्यानं हात वर केले नाहीत. ओठ जुन्या जागी फुटला. दम लागला तेव्हा बेबीताई थांबली.

"काय लिहिलं तुनं कागदावर? लोक म्हणून राहिले का शाळेनं पडली म्हणून लिहिलं."

"मी मारलं असं लिहिलं, ताई."

"वाच."

कौशल्यानं कमलिनीबाईंकडून कागद आणून वाचला. बेबीताईनं कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा. "तुहं नाव कुठं आहे यात?"

कौशल्यानं बोट ठेवलं. बेबीताई त्या अक्षरांकडे बघत उभी राहिली. चप्पल पायात घातली, हातोडा उचलला आणि गेली. पोलिसांत गेली नाही. माफही केलं नाही, पुढं कधीच.

नोकरी त्याच आठवड्यात गेली. महिनाभर कौशल्या घराबाहेर पडली नाही. मग एका रविवारी सकाळी ती बेबीताईच्या दारात जाऊन उभी राहिली. दुर्गाचं नाव शाळेतून काढलेलं होतं, ती अंगणात बसून भांडी घासत होती.

"मी तिले शिकवीन," कौशल्या म्हणाली. "इथंच. तुमच्यासमोर."

बेबीताईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आत येऊ नको. उंबऱ्याबाहेर बस. आणि हात पाठीमागं ठेव."

कौशल्या उंबऱ्याबाहेर बसली. हात पाठीमागं घेतले. पुस्तक दुर्गानं धरलं, पानं दुर्गानंच उलटायची असं ठरलं. बेबीताई हातोडा मांडीवर घेऊन समोर बसली. पुढची दोन वर्षं, खडीचं काम नसेल त्या प्रत्येक सकाळी, ती तशीच बसायची.

त्या पहिल्या सकाळी कौशल्यानं उताऱ्यावर मान वाकवली आणि वाचायला लागली. आवाज उगाच मोठा लागला. दुर्गानं पुस्तक खाली केलं.

"बाई, मोठ्यानं नका वाचू," ती म्हणाली. "इकडून या. इकडून ऐकू येते."

कौशल्या हात पाठीमागंच ठेवून उठली, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.